मजुरी कशाने मोजावी?

“अमेरिकेत मजुराला दिवसाला पावणेचार हजार रुपये मिळतात!” असे कोणी सांगितले की आपण तोंडात बोट घालतो. आकडा खोटा नसतो, पण अपुरा असतो. तो पुरा कसा करायचा ते आपण पाहू.

२०१७ सालचा हिशेब घेऊ. अमेरिकेचे नाणे डॉलर. तिथल्या केंद्र सरकारने ठरवलेली कमीत कमी मजुरी त्या साली तासाला सव्वासात डॉलर होती. आठ तासांचे झाले ५८ डॉलर. तेव्हा एका डॉलरला सुमारे ६५ रुपये मिळत. म्हणजे ३,७७० रुपये झाले. त्याच साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २०१ रुपये होती. म्हणजे तिथला मजूर आपल्या जवळजवळ एकोणीसपट कमावतो असे दिसते.

पण थांबा. तो मजूर पीठमीठ कुठे घेतो? आपल्या बाजारात नव्हे, तिथल्या बाजारात! देशोदेशींचे भाव ताडून पाहण्याचे काम जागतिक बँकेमार्फत होते. २०१७ च्या मोजणीत असे दिसले, की तिथे एका डॉलरला जेवढे येते, तेवढे आपल्याकडे सरासरी २१ रुपयांना येते. या मापाने ५८ डॉलर म्हणजे सुमारे १,२०० रुपये. एकोणीसपटीचे सहापट झाले. सहापट हाही फरक मोठाच, बरं का!

आपल्याकडे स्वस्त का? सोने आणि पेट्रोल यांचे भाव जगाच्या बाजारावर चालतात. पण हजामत, शिलाई, खोलीचे भाडे यांचे भाव इथल्या मजुरीवर ठरतात. शिवणाराला मजुरी थोडी, म्हणून शिलाई स्वस्त. आपली स्वस्ताई म्हणजे आपल्यापैकीच कोणाची तरी थोडकी कमाई असते.

आता गरीब कोणाला म्हणावे ते पाहू. २०१७ साली अमेरिकेत चौघांच्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न २४,६०० डॉलरांहून कमी असेल तर ते गरीब धरत. आपले सोळा लाख रुपये! हसू येते ना? पण वर सांगितलेल्या दराने आठवड्याला पाच दिवस, वर्षभर राबणाऱ्या मजुराला मिळत १५,०८० डॉलर. घरात बायको आणि दोन मुले असली आणि कमावणारा तो एकटाच असला, तर तो गरीबच ठरे.

ही रेषा कशी आखली? १९६३ च्या सुमारास सरकारी नोकरीतल्या मॉली ओरशान्स्की या बाईंनी काटकसरीच्या जेवणाचा खर्च काढला आणि त्याची तिप्पट केली. एक भाग पोटाला. बाकीचे दोन भाग घरभाडे, कपडे, थंडीतली ऊब अशा गरजांना.

आपल्याकडे पुण्याचे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दारिद्र्यावर पुस्तक लिहिले. कॅलरी म्हणजे अन्नातली शक्ती मोजण्याचे माप. जेवढ्या खर्चात माणसाच्या पोटात रोज २,२५० कॅलरी जातात, तिथे त्यांनी रेषा आखली. आपली रेषा मुख्यतः पोटावरून निघाली. तिथल्या रेषेत पोटाबरोबर घरभाडेही आले. म्हणून दोन देशांचे गरीब एकाच काठीने मोजता येत नाहीत.

हे आपल्याला कशाला हवे? उद्या परदेशी नोकरी देतो म्हणणारा दलाल दारात येईल. तो पगार रुपयांत सांगेल. तिथे खर्च झालेला डॉलर तिथल्याच भावाने जातो. शिल्लक राहून घरी आलेला डॉलर मात्र बँकेच्या भावाने मोजून मिळतो. म्हणून “मिळेल किती?” याच्यापुढे जाऊन “उरेल किती?” हे विचारा. काम किती तास? राहण्या-जेवणाचा खर्च कोणाचा? आजारपणाचा कोणाचा? जाण्यासाठी काढलेले कर्ज किती महिन्यांत फिटेल? दलालाची भारत सरकारकडे नोंदणी आहे का? ही उत्तरे कागदावर लिहून घ्या, स्वतः वाचा, आणि मगच जमीन गहाण ठेवायची की नाही ते घरात बसून ठरवा.