इंजिनातील तेलदाबाचा इशारा : वंगणशास्त्रीय स्वरूप आणि वाहनचालकाचा प्रतिसाद

प्रस्तावना

मोटारवाहनाच्या डॅशबोर्डवरील पिवळे दिवे सामान्यतः सवडीने लक्ष देण्याची सूचना देतात; तांबडे दिवे मात्र थांबण्यास सांगतात. अशा तांबड्या दिव्यांपैकी एकावर जुन्या पद्धतीच्या तेलाच्या झारीचे चित्र असते व तिच्या चोचीतून एक थेंब गळताना दाखविलेला असतो. हा दिवा धावत्या वाहनात लागला असता चालकाच्या हाती फार थोडा वेळ उरतो आणि त्या वेळात इंजिन व माणसांचे प्राण अशा दोन्ही गोष्टी पणाला लागतात. या दोहोंचा अग्रक्रम कसा लावावा हे ठरविण्यासाठी तेलदाब म्हणजे नेमके काय, हे प्रथम समजून घेणे आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात या विषयाची शास्त्रीय बाजू मांडून, तिच्या आधारे चालकाच्या वर्तनाविषयी काही विवेचन केले आहे.

वंगणाचा थर व त्याचे शास्त्र

इंजिनातील क्रँकशाफ्ट बेअरिंगला टेकून फिरतो, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः इंजिन चालू असताना तो बेअरिंगला टेकलेला नसतो. तेलाच्या अत्यंत पातळ थरावर तो तरंगत असतो. या घटनेचा शोध काहीसा योगायोगाने लागला. इंग्लंडमधील अभियंता बीचम टॉवर हा रेल्वेच्या आसांवरील बेअरिंगच्या घर्षणाचे प्रयोग करीत होता. त्याचा अहवाल इ. स. १८८३ मध्ये प्रसिद्ध झाला. वंगण घालण्यासाठी बेअरिंगच्या वरच्या बाजूस एक छिद्र पाडले असता त्यातून तेल आत जाण्याऐवजी बाहेर येऊ लागले. छिद्रास बूच लावले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही हळूहळू बाहेर ढकलली गेली. अखेर तेथे दाबमापक बसविला, तेव्हा दर चौरस इंचास २०० पौंडांहून अधिक दाब आढळला. बेअरिंगवरील सरासरी भाराच्या हा जवळपास दुप्पट होता. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारख्या निमुळत्या जागेत ओढून घेतो व त्यातून हा दाब निर्माण होतो, याची गणिती उपपत्ती ऑस्बोर्न रेनॉल्ड्स याने इ. स. १८८६ मध्ये मांडली. आजचे बेअरिंगशास्त्र बहुतांशी याच पायावर उभे आहे.

यातून एक महत्त्वाची बाब स्पष्ट होते. मापकावर दिसणारा दाब शाफ्टला उचलून धरीत नाही. उचलण्याचे काम थरात आपोआप निर्माण होणारा, त्याहून कितीतरी मोठा दाब करतो. पंपाचे काम त्या थराला अखंड तेल पुरविणे एवढेच असते. बेअरिंगमधील फट मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतकी, म्हणजे साधारणतः माणसाच्या केसाच्या जाडीच्या आतबाहेर असते. तिच्यातील तेल दोन्ही कडांनी सतत गळून खाली जाते व तितकेच नवे तेल यावे लागते. हा पुरवठा तुटला की थर मोडतो, धातूवर धातू घासतो, बेअरिंगच्या पोलादी पाठीवरील मऊ मिश्रधातूचा लेप वितळतो आणि कारागिरांच्या भाषेत ‘इंजिन सीझ’ होते. वेगात धावणाऱ्या इंजिनात ही हानी काही सेकंदांत सुरू होते व मिनिटा-दोन मिनिटांत भरून न येण्याजोगी होऊ शकते. टर्बोचार्जर असल्यास तो अधिकच नाजूक ठरतो; त्याचा आस मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो.

दिवा केव्हा लागतो?

तेल इंजिनाच्या तळाशी असलेल्या, गॅरेजमध्ये ‘चेंबर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, भांड्यात साठते. तेथून जाळीतून पंप ते खेचतो व फिल्टरमार्गे मुख्य वाहिनीत ढकलतो. या वाहिनीवर एक साधा स्विच असतो. दाब सुमारे ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला की त्यातील पडदा मागे सरतो, विद्युतमंडल पूर्ण होते व दिवा लागतो. येथे थोडे अंकगणित उद्बोधक आहे. तापलेल्या इंजिनाचा दाब मंदगतीत साधारण १ बार व महामार्गावरील वेगात ३ ते ५ बार असतो. म्हणजे वेगात असताना दिवा लागला, तर आवश्यक दाबापैकी बहुतेक सर्व दाब त्यापूर्वीच नाहीसा झालेला असतो. या दिव्याला ‘पूर्वसूचना’ म्हणणे त्यामुळे दिशाभूल करणारे आहे; ती घडून गेलेल्या गोष्टीची वर्दी असते. काटा असलेले मापक याहून पुष्कळ अगोदर बोलते. ट्रॅक्टर व जुन्या मालमोटारींवर ते असे. मोटारगाड्यांतून ते जवळजवळ नाहीसे झाले, ही खेदाची बाब होय.

दाब व पातळी या दोन भिन्न राशी आहेत, हेही येथे नमूद करावयास हवे. काही वाहनांत पातळीसाठी वेगळा पिवळा दिवा असतो. तो लागल्यास लवकर तेल भरावे, इतकाच त्याचा अर्थ असतो.

धावत्या वाहनातील निर्णय

दिवा लागताक्षणी प्रथम ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. सपाट रस्त्यावर क्लच दाबल्यास इंजिनावरचा भार जातो व ते मंदगतीत येते. वाहन आपल्या गतीनेच डावीकडे घेता येते. चारही इंडिकेटर लावून, मागील वाहतूक पाहून कडेला थांबावे आणि तत्क्षणी इंजिन बंद करावे. ‘पुढच्या पंपापर्यंत जाऊ’ हा विचार येथे सर्वांत महाग पडतो.

तथापि धावत असतानाच चावी फिरवावी काय? आमच्या मते, सामान्यतः नाही. इंजिन बंद पडताच हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग जड होते. ब्रेकच्या साहाय्यक यंत्रणेत उरलेली निर्वात पोकळी दोन-तीन दाबांपुरतीच पुरते; नंतर ब्रेक लागतो, पण पायाला फार जोर द्यावा लागतो. चावी पूर्ण मागे फिरवून काढली गेल्यास स्टिअरिंगला कुलूप बसू शकते, आणि हा धोका बेअरिंगच्या धोक्याहून शतपटीने मोठा आहे. घाटातील उतारावर हा विचार अधिकच काटेकोरपणे करावा लागतो. खंबाटकी किंवा कसारा घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकली तर इंजिनाचा रोध जातो व सारा भार ब्रेकवर येतो. हवेच्या ब्रेकच्या मालमोटारीत इंजिन थांबले की कॉम्प्रेसरही थांबतो व टाकीतील हवा वापरागणिक कमी होत जाते. अशा ठिकाणी गाडी गिअरमध्येच ठेवून, वेग कमी करीत पहिल्या सुरक्षित जागेपर्यंत जावे. त्या अवधीत इंजिन गेले तरी ते जाऊ द्यावे. बोगद्यात, अरुंद पुलावर किंवा रेल्वे फाटकातही हाच न्याय लागू आहे.

थांबल्यानंतर

प्रवाशांना रस्त्यापासून दूर, शक्यतो कठड्यापलीकडे उभे करावे व वाहनामागे पुरेशा अंतरावर परावर्तक त्रिकोण ठेवावा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ या क्रमांकावर साहाय्य मागता येते. तेल चेंबरमध्ये उतरण्यासाठी पाच-दहा मिनिटे थांबून मग डिपस्टिक काढावी, पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी व दोन खुणांच्या संदर्भात पातळी पाहावी. वाहन सपाटीवर नसल्यास ही पातळी फसवी असते. गाडीखाली वाकून गळती पाहण्यास विसरू नये. दगड लागून चेंबर फुटणे ही आपल्या रस्त्यांवर काही दुर्मीळ घटना नव्हे.

पातळी खालच्या खुणेच्या खाली असून मोठी गळती नसेल, तर योग्य श्रेणीचे तेल थोडे थोडे घालावे व इंजिन सुरू करावे. काही सेकंदांत दिवा विझला व खडखड ऐकू आली नाही, तर सावकाश जवळच्या गॅरेजपर्यंत जाण्यास हरकत नाही. पातळी योग्य असूनही दिवा लागलेला असेल, तर मात्र इंजिन पुन्हा सुरू करू नये. वाहन ओढून न्यावे. ‘बहुधा स्विचच खराब असेल’ असे सांगणारा एखादा जाणकार अशा वेळी हमखास भेटतो. त्याचे म्हणणे खरेही असू शकते, कारण स्विच व त्याची वायर खरोखरच बिघडतात. परंतु त्याची परीक्षा गॅरेजमध्ये स्विच काढून त्या जागी मापक बसवूनच होते, रस्त्यावर नव्हे.

कारणांविषयी थोडेसे

तेल कमी असणे हे सर्वाधिक आढळणारे कारण. याखेरीज गाळाने तुंबलेली जाळी, झिजलेला पंप, उघडा अडकलेला रिलीफ व्हॉल्व्ह, निकृष्ट फिल्टर ही कारणे संभवतात. तापलेल्या इंजिनात मंदगतीवर दिवा लुकलुकतो व वेग वाढविताच विझतो, हे लक्षण बहुधा तेल पातळ झाल्याचे किंवा बेअरिंगची फट वाढल्याचे असते. अनेक चालक ते महिनोन्महिने चालवून घेतात.

जास्त तेलही घातक ठरते. पातळी फार वर गेल्यास क्रँकशाफ्ट तेल घुसळतो, फेस होतो आणि पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या डिझेल वाहनांत याला एक नवी बाजू मिळाली आहे. एक्झॉस्टमधील काजळीचा फिल्टर जाळून स्वच्छ करताना जादा इंधन फवारले जाते व त्यातील काही चेंबरमध्ये उतरते. सतत शहरातच कमी अंतर चालणाऱ्या अशा गाडीत डिपस्टिकवरील पातळी चढलेली दिसली, तर त्यात समाधान मानू नये. ते तेल डिझेलने पातळ झालेले असण्याची शक्यता असते व ते बदलणेच इष्ट.

शेवटी एक किरकोळ वाटणारी परीक्षा. चावी फिरविल्यावर, इंजिन सुरू होण्यापूर्वी, हा दिवा लागलाच पाहिजे व सुरू झाल्यावर काही सेकंदांत विझला पाहिजे. तो मुळीच लागत नसेल, तर बल्ब गेला आहे किंवा वायर सुटली आहे. जुनी गाडी विकत घेताना हे अवश्य पाहावे, कारण त्रासदायक दिवा विझविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे त्याची वायर काढून ठेवणे, आणि तो अवलंबणारे विक्रेते असतात.