दिष्ट प्रवाहाचे मापन रोहित्र आणि विजेची काटकसर

२९ ऑगस्ट १८३१ रोजी मायकेल फॅरेडे यांनी लोखंडी कड्यावर तांब्याच्या तारेची दोन स्वतंत्र वेटोळी गुंडाळून एक प्रयोग केला. एका वेटोळ्याला बॅटरी जोडताच दुसऱ्या बाजूची चुंबकसूची थरथरली आणि शांत झाली. बॅटरी तोडली तेव्हा ती पुन्हा थरथरली. मधल्या काळात प्रवाह अखंड वाहत होता, तरी सूची निश्चल होती. लोहाराच्या घरी जन्मलेल्या, पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता बांधणीला आलेली पुस्तके वाचून शिकलेल्या या माणसाने परिणाम क्षणिक असल्याचेही टिपून ठेवले. आम्ही इतिहासाचे विद्यार्थी. आम्हांला प्रयोगाच्या यशाइतकीच ही नोंद मोलाची वाटते.

प्रस्तुत लेखाचा विषय ती निश्चलताच आहे. रोहित्र चालते ते बदलत्या चुंबकत्वावर. घरातील प्रत्यावर्ती प्रवाह सेकंदाला शंभर वेळा दिशा पालटतो, म्हणून त्याचे मापन साध्या रोहित्राने होते. दिष्ट प्रवाह, म्हणजे डीसी, दिशा पालटत नाही. त्याच्यापुढे हे रोहित्र मुके होते. परंतु सौर पट्ट, बॅटरी, विद्युत वाहनांची जलद चार्जिंग केंद्रे, धातू शुद्ध करणारे कारखाने यांचा सारा व्यवहार डीसीवर चालतो. ग्राहकाने किती वीज घेतली हे अचूक मोजले नाही तर कोणाच्या तरी खिशाला चाट बसणारच.

सोपा उपाय शंटचा. प्रवाहाच्या मार्गात अत्यल्प रोधाची धातूची पट्टी बसवायची आणि तिच्या दोन टोकांमधील व्होल्टेज मोजायचे. १००० अँपिअरला ७५ मिलिव्होल्ट देणारा शंट घेतला तर त्यात ७५ वॅट उष्णता होते. तो वर्षभर पूर्ण भाराने चालला तर ६५७ युनिट वीज केवळ मोजण्यात जळते! शिवाय मोजणारे यंत्र थेट मुख्य तारेला जोडलेले राहते, हा धोका वेगळाच.

दुसरी रीत तराजूसारखी आहे. मोठ्या प्रवाहाची तार कड्यासारख्या गाभ्यातून जाते. गाभ्यावर, समजा, २००० वेढ्यांचे वेटोळे आहे. गाभ्यातील चुंबकत्व कोणत्या बाजूला झुकले हे एक संवेदक पाहतो आणि ते शून्य होईपर्यंत अॅम्प्लिफायर वेटोळ्यातून उलट प्रवाह सोडतो. काटा मध्यावर आला की १००० अँपिअरच्या तोलाला वेटोळ्यात अर्धा अँपिअर पुरतो, आणि तेवढाच मोजावा लागतो. जिनिव्हाजवळच्या सर्न संशोधन केंद्रात क्लाउस उन्सेर यांनी १९६०च्या दशकात कणांच्या झोताचा प्रवाह मोजण्यासाठी याच तत्त्वाचे उपकरण घडवले.

आता खर्च पाहू. वेटोळे व मापनरोध मिळून १५ ओहम आणि पुरवठा १५ व्होल्ट धरला, तर अर्ध्या अँपिअरला ७.५ वॅट लागतात. त्यांतले निम्मे अॅम्प्लिफायरच्या ट्रान्झिस्टरमध्ये उष्णता होऊन जातात. मुख्य प्रवाह ५०० अँपिअरवर उतरला की स्थिती आणखी वाईट: घेतलेल्या विजेपैकी जेमतेम चौथाई कामी येते. शंटच्या तुलनेत हे क्षुल्लकच. मग त्यासाठी डोके का शिणवावे? कारण ही उष्णता बंद पेटीत मापनरोधाच्या शेजारीच साठते. रोध तापला की त्याचे मूल्य सरकते आणि मापनही सरकते. इथे वीज वाचवणे आणि खरे मोजणे ही दोन वेगळी कामे नाहीत.

वेढे वाढवावेत, असे प्रथम सुचते. पण तेवढ्याच जागेत वेढे दुप्पट केले तर तार निम्मी बारीक आणि दुप्पट लांब होते. वेटोळ्याचा रोध चौपट, प्रवाह निम्मा. तांब्यात जळणारी वीज जिथल्या तिथे! लाभ होतो तो अॅम्प्लिफायरकडे: पुरवठ्यातून निम्माच प्रवाह घ्यावा लागतो. मात्र वेटोळ्यालाच जास्त व्होल्टेज लागल्याने हाताशी उरणारे व्होल्टेज घटते आणि प्रवाह झटकन बदलला तर उपकरण मागे पडते.

आमच्या मते खरा उपाय अॅम्प्लिफायरची चाल बदलण्यात आहे. ट्रान्झिस्टर अर्धवट उघडा ठेवण्याऐवजी तो सेकंदाला हजारो वेळा पूर्ण उघडायचा व पूर्ण मिटायचा. उघडा असता त्यावर व्होल्टेज जवळजवळ नसते, मिटलेला असता प्रवाह नसतो. दोन्ही वेळी गुणाकार अल्पच. या उघडझापीने उठणारे तरंग गाळावे लागतात, अन्यथा ते मापनात उतरतात. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व गाळण्याचे काही काम आपणहून करते, उरलेले फिल्टरने साधावे लागते.

संवेदकाचा खर्च मात्र मोजायला काही नसतानाही चालू असतो. त्याचा छोटा गाभा प्रत्येक आवर्तनात दोन्ही दिशांनी चुंबकित होतो आणि दर फेरीत थोडी ऊर्जा गमावतो. पर्मलॉय किंवा नॅनोस्फटिकी पट्टीचा गाभा वापरला तर ही गळती पुष्कळ घटते. सौर संचात रात्री हा भार बॅटरीवर पडतो, म्हणून काही ठिकाणी संवेदक ठरावीक अंतराने क्षणभरच जागा केला जातो. त्या मधल्या झोपेत प्रवाह बदलला तर तो हिशेबातून निसटतो. त्यामुळे जिथे बिल आकारायचे आहे तिथे ही युक्ती चालत नाही.