बहुरूप्यांचा मेळा आणि परदेशचा खाऊ

बहुरूपी दारात उभा राहिला की घरातील मुले आधी दचकतात आणि मग त्याच्याभोवती गोळा होतात. सोंग घेतलेल्या माणसाशी बोलावयास पूर्वीचा परिचय लागत नाही. सोंग हाच त्याचा परिचय असतो. ही साधी गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे परदेशांतील विज्ञानकथांच्या रसिकांची संमेलने वेषभूषेला एवढे महत्त्व का देतात, याचा उलगडा होतो. वाचन हा एकट्याने करावयाचा उद्योग. अशा एकलकोंड्या माणसांना तीन दिवसांत एकमेकांचे मित्र करावयाचे, तर काही युक्ती हवीच.

या वाचकांचे पहिले जागतिक संमेलन १९३९ साली, २ ते ४ जुलै या दिवसांत न्यूयॉर्क येथे भरले. ‘जागतिक’ हे विशेषण त्या वर्षी तेथे चालू असलेल्या जागतिक प्रदर्शनावरून घेतलेले. जमलेली मंडळी सुमारे दोनशे. त्यांत लॉस एंजेलिसहून आलेले फॉरेस्ट अ‍ॅकरमन आणि मर्टल डग्लस हे दोघेच भविष्यकाळातील माणसांचा वेष करून वावरत होते. कपडे बेतले आणि शिवले ते डग्लसबाईंनी. फ्रँक पॉल यांची मासिकांतील चित्रे आणि १९३६ चा ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट त्यांच्या डोळ्यांपुढे होता. एस्पेरांतो या कृत्रिम जागतिक भाषेच्या त्या अभ्यासक. त्या भाषेतील आपल्या आद्याक्षरांवरून त्यांनी ‘मोरोयो’ असे टोपणनाव घेतले होते. पुढच्याच वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषांचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. प्रसिद्धी मात्र बराच काळ वेष घालून मिरवणाऱ्या पुरुषाला मिळत राहिली. सुई चालवणाऱ्या हाताची आठवण फार उशिरा झाली.

याच पहिल्या संमेलनाच्या दारात चालकांनी सहा तरुण रसिकांना अडवले होते. राजकीय पत्रके सापडल्याचे निमित्त झाले. मूळ होते जुन्या वैमनस्यात. पुढे लेखक आणि संपादक म्हणून नावाजलेले फ्रेडरिक पोल व डोनाल्ड वोलहाइम त्या सहांत होते. त्यांच्याच मंडळातला आयझॅक असिमोव्ह मात्र आत गेला. इतर ग्रहांवरील जीवांचे स्वागत कसे करावे याचा विचार करणाऱ्यांना आपल्याच गावच्या सोबत्यांचे स्वागत जड जावे, हे नवलच.

संमेलन दरवर्षी नव्या शहरी भरते. १९५७ साली ते लंडनला गेले, तेव्हा त्याने प्रथमच उत्तर अमेरिकेबाहेर पाऊल टाकले. स्थळ ठरते सभासदांच्या मतांनी, बहुधा दोन वर्षे आधी. त्यामुळे यजमानपदाची इच्छा असलेल्या शहरांची मंडळी संध्याकाळी बैठकी मांडतात आणि आपल्याकडील खाऊ पुढे करतात. मते मागण्याची याहून निरुपद्रवी रीत क्वचितच असेल. २०१७ साली हे संमेलन हेलसिंकीला भरले. त्या फिनलंडचा आवडता खाऊ म्हणजे सालमियाक्की, ज्येष्ठमधाची काळी, खारट वडी. तिच्यात चक्क नवसागर असतो. कल्हईवाला तापल्या भांड्यात जी पांढरी पूड टाकतो, तोच हा पदार्थ! नवख्याचा चेहरा पहिल्या घासाला वाकडा होतो, सारे हसतात आणि तेथेच परकेपणा संपतो. ऑस्ट्रेलियाचे टिमटॅम हे चॉकलेटचे बिस्किट खाण्याचीही एक तऱ्हा आहे. समोरासमोरचे दोन कोपरे दातांनी तोडावयाचे, एक टोक गरम चहात बुडवून दुसऱ्या टोकाने चहा ओढून घ्यावयाचा आणि बिस्किट विरघळून बोटांत येण्याच्या आत तोंडात टाकावयाचे. ही कला पुस्तकावरून साधत नाही. कोणीतरी शेजारी उभे राहून शिकवावी लागते.

खाऊ आणि सोंग यांचा एकदा भलताच संयोग झाला. १९७२ साली लॉस एंजेलिसच्या संमेलनात एका तरुण चित्रकाराने अंगभर शेंगदाण्याचे लोणी फासून रंगमंचावर प्रवेश केला. दिव्यांच्या उष्णतेने ते पाघळू लागले, वास सुटला, आणि इतरांनी महिनोन्‌महिने खपून शिवलेल्या कपड्यांना डाग पडण्याची वेळ आली. तेव्हापासून शेंगदाण्याचे लोणी हा वेष नव्हे, असा दंडकच पडला. विनोद बाजूला ठेवला तरी शेंगदाण्याचे भय खरे आहे. काही माणसांना त्याचा कणही प्राणघातक ठरू शकतो. आणि परभाषेतील वेष्टन वाचता येत नसेल तर सावध कसे राहावे? म्हणून वाटणाऱ्याने घटकपदार्थांची चिठ्ठी शेजारी ठेवणे हे आतिथ्याचेच अंग मानावे. शाकाहारी पाहुण्यालाही तिचा उपयोग होतो, कारण पुष्कळ मऊ गोळ्यांत जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेले जिलेटिन असते.

वेषभूषेच्या या छंदाला ‘कॉस्प्ले’ हे नाव १९८३ साली जपानी मासिकातून मिळाले. भारतात दिल्लीला फेब्रुवारी २०११ मध्ये पहिले कॉमिक कॉन भरले, त्याच वर्षी मुंबईला आणि २०१३ साली हैदराबादलाही.

संमेलनाच्या अखेरच्या रात्रीच्या बैठकीला इंग्रजीत ‘मेलेल्या कुत्र्याची मेजवानी’ असे विचित्र नाव आहे. उरलेसुरले सारे त्या रात्री संपवावयाचे असते. मुखवटे पेट्यांत गेलेले असतात, आणि तीन दिवस ज्याच्याशी गप्पा मारल्या त्याचा चेहरा शेवटच्या बिस्किटाच्या वेळी प्रथमच दिसतो.