जुनी सायकल आणि त्रिविध शर्यत

पोहणें, सायकल हांकणें व धांवणें, हीं तिन्ही घड्याळ न थांबवितां लागोपाठ करावयाचीं, अशा शर्यतीस ट्रायॅथ्लॉन म्हणतात. या नांवाची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ रोजीं अमेरिकेंत सॅन डिएगो येथें झाली. तींत ४६ जण उतरले. वारा चुकविण्यासाठीं पुढें काढलेलें हँडल दशकाहून अधिक काळानें आलें. सबब नवशिक्यानें माळ्यावरची पोलादी सायकल उतरविण्यास लाजूं नये. सपाट रस्त्यावर खरा विरोध वाऱ्याचा, आणि त्यांतील मोठा वाटा सायकलीचा नव्हे, स्वाराच्या देहाचा! वजन जाणवतें तें चढावर.

भय आहे तें निराळेंच. पोलाद टिकतें, रबर टिकत नाहीं. पडून राहिलेल्या टायरला भेगा पडतात, ब्रेकचें रबर दगडासारखें होतें, तार आंतून गंजते. आणि हें कळतें तें बहुधा उतारावर. चेनही मोजावी. तिच्या चोवीस कड्या खिळ्यापासून खिळ्यापर्यंत नेमक्या बारा इंच भरतात. इंचाचा अष्टमांश वाढला असेल, तर तिच्याबरोबर मागील दांत्यांचें चक्रहि बहुधा बदलावें लागतें. हँडलच्या उघड्या टोकांना बुचें हवींतच. त्यांवांचून पंच सोडीत नाहींत. पंक्चर स्वतःच काढावयास शिकावें, कारण वाटेंत बाहेरच्याची मदत घेणें नियमबाह्य असतें.