निराश वाटतंय म्हणजे विश्वास कमी पडला का?

शहागडहून मी बोलतेय. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं जातं, त्यांच्यासाठी आजचा भाग इथे लिहून देतेय. जवळ बायबल असेल तर १ राजे, अध्याय १९ काढून ठेवा. मोबाइलमधलं बायबल अ‍ॅपही चालेल.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. पोलीस भरतीच्या यादीत दुसऱ्यांदा नाव नाही. कापसाचे पैसे आले ते कर्जातच गेले. रात्री झोप लागत नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही. मंडळीत कुणाजवळ बोललं की उत्तर ठरलेलं: विश्वास ठेव, ख्रिस्ती माणसानं निराश व्हायचं नसतं. त्याने विचारलं, "ताई, माझा विश्वास खरंच कमी पडलाय का?"

पवित्र शास्त्र या प्रश्नाला काय उत्तर देतं, ते एलीयाच्या गोष्टीत बघू या.

आधी भाकर, मग बोलणं

अध्याय १८ मध्ये एलीया कर्मेल डोंगरावर बआलाच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकटा उभा राहिला. देवाने अग्नी पाठवला. मोठ्या दुष्काळानंतर पाऊसही पडला. दुष्काळानंतरचा पाऊस म्हणजे काय, हे आपल्या मराठवाड्यात कुणाला समजावून सांगायला नको! आणि लगेच अध्याय १९ मध्ये हाच माणूस ईजबेल राणीच्या धमकीने पळत सुटतो. चाकराला बैरशेब्यात ठेवून एकटाच रानात जातो, एका झुडपाखाली बसतो आणि देवाकडे मरण मागतो.

आता देवाने काय केलं, ते नीट बघा. देव रागावला नाही. कर्मेलवर एवढं दाखवलं तरी तू असा कसा, असंही विचारलं नाही. एलीया झोपला, त्याला झोपू दिलं. दूताने उठवलं तेव्हा उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं होतं. खाऊन तो परत झोपला. दूताने दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला लावलं, कारण पुढचा पल्ला त्याच्या ताकदीबाहेरचा होता.

बोलणं झालं ते नंतर, चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तिथे देवाने त्याला विचारलं, की तू इथे काय करतोस? एलीयाने मनातलं सगळं ओकलं: मी एकटाच उरलोय, माझ्याही जिवावर उठलेत. देवाने तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि एलीयाने जवळजवळ त्याच शब्दांत तेच रडगाणं पुन्हा गायलं. देवाने दोन्ही वेळा ऐकून घेतलं.

त्यानंतर देवाने त्याला काम दिलं आणि माणसंही दिली. सोबतीला अलीशा मिळाला. बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक अजून आहेत, हेही कळलं. ‘मी एकटाच’ हे एलीयाला अगदी मनापासून वाटत होतं, पण ते खरं नव्हतं. निराशेत मन असंच बोलतं.

बेथेल हे नाव कुठून आलं?

आपल्या जालन्याजवळ बेथेल आहे. एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री यांनी नव्या ख्रिस्ती कुटुंबांसाठी ती वस्ती वसवली. हे नाव उत्पत्ती २८ मधलं. भावाच्या भीतीने घर सोडून पळालेला याकोब उघड्यावर, दगड उशाशी घेऊन झोपला होता. भावाशी समेट व्हायला अजून कितीतरी वर्षं होती. काहीच मिटलेलं नसताना, त्याच रात्री देव त्याला भेटला. सकाळी याकोबाने त्या जागेला बेथेल, म्हणजे देवाचं घर, असं नाव दिलं.

मग ‘चिंता करू नका’ याचं काय?

फिलिप्पैकरांस पत्र ४:६. कशाचीही चिंता न करता सगळं देवाला कळवा, असं पौल तिथे सांगतो. हे वचन स्टेटसला सगळ्यांनी ठेवलेलं असतं. पण पौल ते लिहितो बेड्यांत असताना. याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात एपफ्रदीत आजारातून वाचला म्हणून तो देवाचे आभार मानतो, नाहीतर आपल्यावर दुःखावर दुःख आलं असतं, असं कबूल करतो. आणि २ करिंथ ११:२८ मध्ये सगळ्या मंडळ्यांची चिंता आपल्याला रोज असते, असं तोच पौल म्हणतो.

म्हणजे चिंता मनात येणं हा गुन्हा नाही. आलेली चिंता कुठे न्यायची, ते पौल सांगतोय. ती आतल्या आत दाबायची नाही, प्रार्थनेत घेऊन जायची.

आज रात्री काय करायचं?

पहिलं, पोटभर जेवा आणि फोन बाजूला ठेवून झोपा. एलीयाचं औषध तिथूनच सुरू झालं.

दुसरं, स्तोत्र १३ मोठ्याने वाचा. सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनमध्ये दावीद देवाला चार वेळा विचारतो की हे अजून किती काळ चालणार. पुढच्या दोनमध्ये मागणं आहे, शेवटच्या दोनमध्ये भरवसा. मग वहीत स्वतःच्या तीन ओळी लिहा: काय दुखतंय, काय हवंय, देवाचं काय आठवतंय. तिसरी ओळ आज सुचली नाही तर उद्या लिहा.

तिसरं, एका तरी माणसाला सांगा. जगणंच नको वाटत असेल तर आजच सांगा. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, नंबर १४४१६. फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. डॉक्टरकडे जाणं म्हणजे अविश्वास नव्हे. पौलाचा सोबती लूक वैद्यच होता, आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो.

आणि ज्यांच्याकडे असं कुणी मन मोकळं करायला येईल, त्यांना एक विनंती. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते त्यांनी उपदेश सुरू केल्यावर. वचन जरूर सांगा, पण आधी चहा ठेवा आणि ऐकून घ्या.

मेसेज पाठवणाऱ्या भावा, तुझा प्रश्न तू देवासमोर आणलास, हाच विश्वास आहे.

चला, प्रार्थना करू या. प्रभू येशू, तूही रडलास, तूही गेथशेमानेत व्याकूळ झालास. आज रात्री ज्यांना झोप येत नाही त्यांच्याजवळ बस. त्यांना भाकर दे, झोप दे, सोबत दे. तुझ्याच नावाने मागते. आमेन.