धर्मसभा भरवा, पण खेळात!

मित्रांनो, होस्टेलच्या रूमवर रात्री बारानंतर काय गप्पा चालतात हे मी सांगायला नको. क्रिकेट, सिनेमा, राहिलेल्या केटी, प्लेसमेंट... आणि मग कुणीतरी देवाधर्माचा विषय काढतो. पुढचं ठरलेलं! एक तर आवाज चढतात, नाहीतर दोघंही गप्प होऊन मोबाइलमध्ये डोकं घालतात. आपल्या हर्सूलच्या बाजूला रूम करून राहणाऱ्या मुलांत सगळ्या जिल्ह्यांची आणि सगळ्या धर्मांची मुलं आहेत. आपण एका मेसमध्ये जेवतो, एकमेकांच्या जर्नल्स उतरवतो. पण शेजारच्या कॉटवरचा नेमकं काय मानतो आणि का मानतो, हे चार वर्षांत एकदाही शांतपणे विचारलं जात नाही.

या अडचणीवर एक गमतीदार वाट आहे. ती म्हणजे रोल-प्लेइंग गेममध्ये, काल्पनिक जगात, पात्राच्या तोंडून खेळायची धर्मसभा. ती कशी भरवायची, हे या लेखात सांगायचं आहे.

आधी खेळाची ओळख

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी १९७४ साली अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ आणला. यात पट नसला तरी चालतो. प्रत्येक खेळाडू एक पात्र घेतो : कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी एखाद्या देवतेचा पुजारी. एक जण 'डीएम' असतो. जग त्याचं, गोष्ट तो पुढे नेतो, बाकीच्यांनी आपलं पात्र काय करतं आणि बोलतं ते सांगायचं. काम फत्ते झालं की नाही, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. बस्स, एवढंच!

बहुतेक ग्रुप यात राक्षस मारतात आणि खजिना लुटतात. पण ज्या जगात देव आहेत, पुजारी आहेत, देवळं आहेत, तिथे मतभेदही असणारच. एखाद्या रात्री तलवारी बाजूला ठेवून दोन पंथांचा वाद रंगवला, तर कित्येकदा तो लढाईपेक्षा जास्त रंगतो.

हे आपल्याला नवीन नाही

कुणाला वाटेल, हे सगळं परदेशी फॅड आहे. तसं अजिबात नाही. इथून तास-दीड तासावर पैठण आहे. तिथले संत एकनाथ (१५३३–१५९९) शिकले ते देवगिरीच्या किल्ल्यावर, जनार्दनस्वामींकडे. नाथांची भारुडं आठवा. त्यात नाथ स्वतः म्हणून क्वचितच बोलतात. कधी जोशी होतात, कधी वासुदेव, कधी गोंधळी, तर कधी विंचू चावलेलं माणूस! याला आजच्या भाषेत रोल-प्ले नाही तर काय म्हणायचं?

त्यांचीच 'हिंदू-तुर्क संवाद' नावाची रचना आहे. एक हिंदू आणि एक तुर्क समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांच्या धर्मावर प्रश्नांची सरबत्ती करतात. हिंदू मराठीत बोलतो, तुर्क दख्खनी वळणाच्या हिंदीत. कुणीच कुणाला सूट देत नाही. मूर्तीत देव कसा, हा प्रश्न येतो, तसा देव सगळीकडे आहे तर एकाच दिशेला तोंड का, हाही येतो. शेवटी मात्र भांडणाचा समेट होतो आणि दोघे एकमेकांना भेटतात. यात लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की दोन्ही बाजू एकाच माणसाने लिहिल्या आहेत. म्हणजे तुर्काच्या तोंडी दमदार प्रश्न घालायचे, तर आधी त्याची बाजू नीट ऐकून आणि समजून घ्यावीच लागली असणार.

दुसरं उदाहरण कलगी-तुऱ्याचं. कलगीवाले शक्तीला श्रेष्ठ मानून गाणार, तुरेवाले शिवाला. सवाल टाकायचा, जवाब द्यायचा, जमलं नाही तर हार. कोकणात हाच प्रकार शक्ती-तुरा म्हणून आजही रंगतो. ऐकायला बसलेली माणसं घरी शिवालाही हात जोडतात आणि देवीलाही. फडावर मात्र बाजू घ्यायची ती घ्यायचीच!

परदेशातही शिकवण्यासाठी याचा वापर होतो. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात इतिहासाचे प्राध्यापक मार्क कार्न्स यांनी १९९० च्या दशकात 'रिअॅक्टिंग टू द पास्ट' ही पद्धत सुरू केली. विद्यार्थी ऐतिहासिक व्यक्तींच्या भूमिका घेऊन वर्गात वाद घालतात. त्यातला एक खेळ चक्क १९४५ च्या भारतावर आहे.

पायरी पहिली : जग आणि प्रश्न

'देव आहे की नाही' असला विषय घेऊ नका. तो कधी संपत नाही. असा प्रश्न घ्या, ज्यावर त्याच रात्री निर्णय घ्यावा लागेल. आणि जग बनवताना लांब कशाला जायचं? हर्सूलचा तलाव आपल्या डोळ्यांसमोर आहे. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला शहरासाठी जमिनीखालून नेलेली नहर आपण ऐकून आहोत. पाणचक्कीला पाणी येतं तेही जमिनीखालूनच. या दोन गोष्टींवरून एक काल्पनिक नगर उभं करू.

नगरात दोन पंथ आहेत. तळपंथी म्हणतात, ज्या पाण्याला सूर्य दिसतो तेच पवित्र; पाणी झाकून ठेवणं पाप. नहरपंथी म्हणतात, पाणी हे धरणीचं रक्त आहे, ते अंधारातूनच वाहिलं पाहिजे; उघड्यावर वाफ होऊन गेलेला प्रत्येक थेंब म्हणजे पाप, आणि शेवटच्या घरापर्यंत पाणी नेणं हीच पूजा. सलग तिसरा दुष्काळ. तलावात चाळीस दिवसांचं पाणी उरलंय. प्रश्न : तलाव नहरीत सोडायचा की नाही?

बघा, आता हा नुसता धर्माचा वाद राहिला नाही. तलाव सोडला तर देऊळ कोरडं पडणार, नाही सोडला तर नहरीच्या टोकाची वस्ती तहानेने मरणार. दोघांचंही म्हणणं खरं वाटलं पाहिजे. एक बाजू मूर्ख आणि एक शहाणी असं जग बनवलंत, तर सभा दहा मिनिटांत आटोपेल.

प्रत्येक पंथाला अर्धं पान द्या. त्यात तीन तत्त्वं, एक पवित्र कथा आणि एक अडचणीची गोष्ट लिहा. तळपंथींच्या देवळामागे एक झाकलेली विहीर आहे म्हणे! आणि नहरपंथींच्या नहरीत साफसफाईला उतरलेली किती माणसं परत आली नाहीत, हे ते बोलत नाहीत. या अडचणीच्या गोष्टीमुळेच वादात जीव येतो.

पायरी दुसरी : भूमिका

तीन विरुद्ध तीन असे सहा बोलणारे, एक डीएम, एक पंच आणि बाकीचे सगळे गावकरी. भूमिका चिठ्ठ्या टाकून वाटा. आपल्या आवडीची बाजू घ्यायची मुभा ठेवू नका, कारण मग माणूस पात्राआडून स्वतःचंच घोडं दामटतो.

प्रत्येक पात्राला श्रद्धा द्या आणि त्या श्रद्धेला टोचणारी एक गरज द्या. तळपंथी पुजारीण, पण तिचा भाऊ नहरीच्या टोकाला राहतो. नहरपंथी कारागीर, पण त्याचा मुलगा नहरीतच गेला. असं पात्र घोषणा देत नाही, ते विचार करून बोलतं.

पायरी तिसरी : सभेचा कायदा

वाद कसा घालावा याचं शास्त्र आपल्याकडे फार जुनं आहे. न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. सत्य शोधायला केलेला तो वाद, फक्त जिंकायला केलेला तो जल्प, आणि स्वतःचं काहीच न मांडता समोरच्याचं नुसतं मोडून काढणं म्हणजे वितंडा. (वितंडवाद हा शब्द इथलाच.) वादात माणूस कधी हरला म्हणायचा, याची तर बावीस निग्रहस्थानं दिली आहेत. व्हायवाला एक्स्टर्नलसमोर तोंड उघडेनासं होतं ना, ती 'अप्रतिभा'. विषय सोडून भलतंच बोलणं ते 'अर्थांतर'. आपला दोष कबूल करून 'तुमच्यातही हाच आहे की' म्हणणं ती 'मतानुज्ञा'.

या बावीसमधलं एक निग्रहस्थान आपल्या सभेचा कणा आहे : 'अननुभाषण'. समोरच्याने तीनदा सांगितलं, सभेलाही कळलं, तरी त्याचं म्हणणं तुम्हाला परत सांगता आलं नाही, तर तुम्ही हरलात! म्हणून आपला नियम असा : आधी त्याचं बोलणं, मग आपलं. उत्तर देण्याआधी विरोधकाचा मुद्दा आपल्या शब्दांत मांडायचा. तो 'होय, हेच म्हणालो' असं म्हणाला की मगच पुढे बोलायचं. तीन प्रयत्नांत जमलं नाही तर पाळी गेली. तो मुद्दाम अडवतोय असं वाटलं तर पंचाचा शब्द शेवटचा.

नियम साधा दिसतो, पण वापरून पाहा. आपण बहुतेक वेळा समोरच्याचं ऐकतच नसतो, त्याचं बोलणं संपायची वाट बघत असतो.

वेळेचं गणित नव्वद मिनिटांचं. ओळख दहा मिनिटं, बाजूंची आपापसात मसलत दहा, मग प्रत्येक बाजूला सहा म्हणजे एकूण बारा पाळ्या, प्रत्येकी चार मिनिटं. पाच मिनिटांत गावाचा निर्णय. उरलेली सतरा मिनिटं शेवटच्या कामासाठी राखून ठेवा. ते काम कोणतं, ते पुढे येतंच.

पायरी चौथी : फाशाचं काय?

फासा टाकल्याशिवाय खेळाची मजा नाही, पण सगळं फाशावर सोडलं तर बोलायचं कशाला? समजा दोघांनी एकेक फासा टाकला, मुद्देसूद बोलणाऱ्याला पाच गुण जास्त दिले आणि मोठी बेरीज जिंकली. एकूण जोड्या ४००. त्यातल्या १०५ जोड्यांत चांगलं बोलणारा हरतो, म्हणजे २६ टक्क्यांहून जास्त वेळा. असं दोनदा झालं की खेळाडू म्हणतो, मरू दे, नुसता फासाच टाकतो.

म्हणून फाशाने खरं-खोटं ठरवू नका, गावकऱ्यांची प्रतिक्रिया ठरवा. कागदावर सात घरांची पट्टी काढा, मधल्या घरात सोंगटी. प्रत्येक पाळीनंतर पंच पाचपैकी गुण देतो : आपल्या तत्त्वांना धरून बोलल्याचा एक, विरोधकाच्या मुद्द्याला थेट उत्तर दिल्याचे दोन, नवं कारण मांडल्याचे दोन. फासा आणि गुण मिळून पंधरा किंवा जास्त आले, तर सोंगटी एक घर आपल्याकडे. शून्य गुणांना ही शक्यता ३० टक्के, पाच गुणांना ५५ टक्के. नशीब राहतं, पण मेहनतही दिसते. बारा पाळ्यांनंतर सोंगटी ज्याच्या बाजूला, गावाचा निर्णय तो. मधल्या घरातच राहिली तर गावकऱ्यांनी तडजोड सुचवायची आणि हात वर करून ठरवायची.

सांभाळायच्या गोष्टी

आता गंभीर मुद्दा. काल्पनिक धर्म हा खऱ्या धर्मावर चिखल उडवायचा आडोसा होता कामा नये. पंथाचे कपडे, प्रार्थना, सण, नावं यांतलं काहीही कुठल्याही खऱ्या धर्माशी जुळत असेल, तर डीएमने ते आधीच बदलावं. 'हे म्हणजे अमक्यांसारखंच' अशी कॉमेंट आली की पंचाने घंटा वाजवायची. टेबलावर एक लाल कार्ड ठेवा. ते कुणीही, कारण न सांगता उचलू शकतो. उचललं की सभा थांबली, विषय बदलला, आणि 'का रे?' असं कुणी विचारायचं नाही. शूटिंग करून ग्रुपवर टाकणं बंद. पात्राच्या तोंडचं वाक्य मागचं-पुढचं तोडून फिरलं, तर ते पात्राचं राहत नाही, त्या मुलाचं होतं. आणि त्याचे परिणाम त्याला एकट्याला भोगावे लागतात.

शेवटची सतरा मिनिटं

निर्णय झाला, तलाव सुटला किंवा राहिला. आता चहा मागवा आणि पात्रं उतरवा. प्रत्येकाने आपलं खरं नाव घेऊन एकच गोष्ट सांगायची : विरोधकाच्या कोणत्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं? जिंकलेल्यांनी आधी सांगायचं. हा भाग घाईत उरकू नका. सभेत आवाज चढले असतील तर ते इथेच खाली येतात, आणि समोरचा आपलं ऐकत होता हे इथेच कळतं.

एका रात्रीच्या खेळाने जगातली भांडणं मिटतील असा माझा दावा नाही. पण ज्याला नव्वद मिनिटं विरोधकाचं म्हणणं त्याच्या समाधानापर्यंत मांडायची सवय लागली, तो रूमवरच्या रात्री बाराच्या गप्पांतही एकदा तरी म्हणेल, 'थांब, तू असं म्हणतोयस का?' तेवढं झालं तरी पुष्कळ.

तर मंडळी, साहित्य फार लागत नाही. आठ-दहा मित्र, एक फासा (नसेल तर मोबाइलवर मिळतो), चिठ्ठ्या, एक घंटा, एक लाल कार्ड आणि चहाचे पैसे. सबमिशन संपल्यावरचा पहिला शनिवार बघा आणि भरवा सभा. पंच म्हणून मात्र ग्रुपमधला सगळ्यात कमी बोलणारा पोरगा किंवा पोरगी निवडा. ऐकायची सवय त्यांनाच जास्त असते!