ओलीवर ठरतं मोल

ब्रिटनमध्ये मोटारीमागे जोडून ओढायची नवी कॅरॅव्हॅन घ्या, वीस-पंचवीस हजार पौंड मोजा, आणि तरीही ती तुमचीच आहे असं सांगणारा एकही सरकारी कागद हाती येत नाही. मोटारीला नोंदणीपत्र असतं, कॅरॅव्हॅनला नाही. तिला स्वतःचा नंबरही नाही. जी मोटार ओढेल तिच्याच नंबराची पाटी मागे लावायची. सक्तीची वार्षिक तपासणी नाही, रस्ताकर नाही. आपल्याकडे जुन्या स्कूटरचं आरसी बुक सापडेनासं झालं तरी घरादाराच्या तोंडचं पाणी पळतं. इथे एवढा मोठा ऐवज पावतीवर आणि शब्दावर हातोहात फिरतो. यॉर्कशायरमध्ये राहायला आल्यापासून जुन्या कॅरॅव्हॅनींच्या बाजाराचं मला जे वेड लागलं, त्याचं मूळ या विचित्र व्यवहारात आहे. रविवारी सकाळी लोक क्रिकेटचे आकडे वाचतात, मी विक्रीच्या जाहिराती वाचतो. घ्यायचं काहीच नसताना लोकांच्या अंगणात जाऊन गाड्या बघून येतो. घरच्यांनी आता विचारणं सोडलं आहे.

अगदीच कागद नसतो असंही नाही. १९९२ मध्ये इथल्या उत्पादकांच्या संघटनेने ‘क्रिस’ नावाची नोंदणी सुरू केली. प्रत्येक कॅरॅव्हॅनला सतरा खुणांचा एक क्रमांक मिळतो. तो चासीवर असतो आणि खिडक्यांवरही कोरलेला असतो. चतुर गिऱ्हाईक आल्याआल्या एकेका खिडकीपाशी वाकून तो क्रमांक ताडून बघतं. एखाद्या खिडकीवर तो खरवडलेला दिसला की पुढचं बोलणं खुंटतं. पण या नोंदणीत नाव असतं ते गाडी सांभाळणाऱ्याचं. मालकीचा पुरावा म्हणून ती चालत नाही. म्हणून मूळ खरेदीची पावती, कर्ज फिटल्याचं पत्र आणि दरवर्षीच्या सर्व्हिसचे कागद यांची जाडजूड फाइल ज्याच्याकडे, त्याचा भाव चढा. ही फाइल नुसती मालकी सांगत नाही. तिच्यात ओलीच्या नोंदी असतात, आणि माझ्या मते जुन्या कॅरॅव्हॅनची किंमत म्हणजे त्या नोंदी.

त्या नोंदींकडे वळण्याआधी इतिहास उरकतो, कारण दिवाळी अंकात इतिहास नसला तर संपादक विचारतात. नौदलात डॉक्टर असलेल्या आणि मुलांसाठी साहसकथा लिहिणाऱ्या विल्यम गॉर्डन स्टेबल्स यांनी १८८५ मध्ये ब्रिस्टलला केवळ हौसेच्या भटकंतीसाठी ‘वाँडरर’ ही घोडागाडी बांधून घेतली आणि तिच्यातून पार स्कॉटलंडातलं इन्व्हर्नेस गाठलं. १९०७ मध्ये कॅरॅव्हॅन क्लब निघाला. १९१९ मध्ये बर्मिंगहॅमच्या एक्लिस कंपनीने मोटारीमागे ओढायच्या कॅरॅव्हॅन विक्रीसाठी बनवायला घेतल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर सॅम अल्पर यांच्या स्वस्त ‘स्प्राइट’ने ही चैन सामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आणली. याच अल्पर यांनी पुढे १९५८ मध्ये ‘लिटल शेफ’ ही रस्त्याकाठची खानावळ काढली, आणि ती कॅरॅव्हॅनपेक्षाही जास्त लोकांच्या तोंडी बसली. कारखान्यांचं मोठं केंद्र हल आणि आसपासच्या पूर्व यॉर्कशायरमध्ये तयार झालं. झाला इतिहास.

आता ओल.

कोकणातल्या माणसाला ओल शिकवावी लागत नाही. पण चिऱ्याची भिंत श्रावणात भिजली तरी चैत्रापर्यंत सुकते, तिला श्वास घेता येतो. कॅरॅव्हॅनची भिंत तशी नाही. जुन्या पद्धतीच्या बांधणीत बाहेर ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा, मध्ये लाकडी पट्ट्यांचा सांगाडा आणि त्याच्या खणांत पॉलिस्टायरीन, आत पातळ प्लायवूड आणि त्यावर भिंतकागदासारखा चिकटवलेला थर. सगळं एकमेकांना डिंकाने घट्ट जोडलेलं. जाडी जेमतेम बोटभर. एकदा पाणी या भिंतीत शिरलं की त्याला बाहेर पडायला वाट नाही. ते लाकडात बसतं, पट्टीपट्टीने पसरतं, आणि आतल्या गुळगुळीत थरावर काहीही न दाखवता वर्षानुवर्षं आपलं काम करत राहतं.

ते शिरतं कुठून? बहुतेकांना वाटतं, छताला भोक पडतं. छताचा सलग पत्रा सहसा निर्दोष असतो. खरा गुन्हेगार म्हणजे कडेची पन्हळ. बाहेरचा तंबू अडकवायला छताच्या कडेने एक ॲल्युमिनियमची पट्टी फिरवलेली असते, ती स्क्रूंनी थेट लाकडात ठोकलेली असते, आणि तिच्याखाली सांधा बुजवायला मॅस्टिक नावाचं चिकट लुकण भरलेलं असतं. नवं असताना ते मऊ असतं. गाडी खड्ड्यांतून जाते, अंग पिळवटतं, तरी ते ताणलं जाऊन सांधा धरून ठेवतं. वर्षं गेली की ते सुकतं, आक्रसतं, ठिसूळ होतं. मग एकेका स्क्रूच्या भोकातून थेंब थेंब आत. खिडक्यांचे खालचे कोपरे, छतातली झडप, मागच्या दिव्यांच्या पाठी, चाकांच्या कमानी, दाराचा उंबरठा या बाकीच्या जागा. पण मला कोणी एकच जागा तपासायची मुभा दिली तर मी पुढच्या वरच्या कोपऱ्यांतल्या कपाटांची दारं उघडीन आणि आत हात घालीन.

एका कार्यशाळेत मला हे सगळं उघडं पडलेलं बघायला मिळालं. बाहेरून गाडी झकास होती, पॉलिश केलेली, पडदे नवे. कारागिराने कडेची पट्टी सोडवली तेव्हा स्क्रू बोटांनीच उपसून आले, तांबूस, निम्मे खाल्लेले. पत्र्याखालचं लाकूड त्याने चिमटीत धरलं तर ते कुस्करून खाली पडलं. हसत हसत तो त्याच्या यॉर्कशायरी हेलात म्हणाला, की या कोपऱ्यात आता फक्त भिंतकागद आणि सवय उरली आहे. माणूस बोलका होता. त्याने मला मीटर हातात दिला. रिमोटएवढं यंत्र, पुढे दोन सुया. ओल्या लाकडातून वीज कोरड्यापेक्षा सहज वाहते, एवढ्याच साध्या तत्त्वावर ते चालतं. १५ टक्क्यांपर्यंत आकडा आला तर गाडी निरोगी धरायची. १५ ते २० म्हणजे लक्ष ठेवा, काही महिन्यांनी पुन्हा बघा. २० च्या वर गेलं की सांधे तपासून दुरुस्ती. ३० ओलांडलं की आतलं लाकूड गेलेलं असण्याची भीती.

चांगल्या सर्व्हिसच्या अहवालात कॅरॅव्हॅनची एक उलगडलेली आकृती असते, चारही भिंती, छत आणि जमीन, आणि जागोजागी हे आकडे लिहिलेले. सलग काही वर्षांच्या आकृत्या शेजारी ठेवल्या की डावीकडच्या खिडकीखाली १२ चे १४, १४ चे १९ कसे झाले ते दिसतं. मला त्या वाचायला कादंबरीइतक्याच आवडतात. विकणाऱ्याने हे अहवाल लपवू नयेत, उलट जाहिरातीतच त्यांचा फोटो टाकावा. १९ चा आकडा दिसल्यावर पळणारं गिऱ्हाईक तसंही घेणार नव्हतं. आणि विकायच्या आधी नवा तपास करून घेण्याची फी घासाघिशीत सहज वसूल होते, कारण समोरच्याच्या हातचं मुख्य हत्यारच निघून जातं. मुरलेल्या ओलीची दुरुस्ती म्हणजे आतलं फर्निचर सोडवा, प्लाय उचकटा, लाकूड बदला, सुकवा, पुन्हा जोडा. सामान स्वस्त, मजुरी भयंकर. पंधरा-वीस वर्षांच्या गाडीला हा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच वर्षीच्या दोन कॅरॅव्हॅनींच्या भावात निम्म्याचा फरक पडू शकतो, आणि फोटोत दोन्ही जुळ्या दिसतात.

कंपन्यांना हे कळत नव्हतं असं नाही. ब्रिस्टलच्या बेली कंपनीने २००९ च्या सुमारास ‘ॲलुटेक’ बांधणी आणली. तिच्यात भिंती आणि छत ॲल्युमिनियमच्या खाचांमध्ये पकडून जोडतात, बाहेरून लाकडात घुसणारे स्क्रू टाळतात. पुढे स्विफ्ट या कॅरॅव्हॅन कंपनीनेही सांगाड्यातलं लाकूड काढून पाणी न शोषणारं साहित्य वापरायला घेतलं. त्यामुळे जुन्या बाजारात आता एक सीमारेषा पडली आहे: रेषेच्या अलीकडच्या गाड्या आणि पलीकडच्या. नवी पद्धत म्हणजे ओल येतच नाही, असं विक्रेते सांगतात तेवढं मात्र खरं मानू नये. पाणी हुशार असतं. पण कुजायला लाकूडच कमी असलं तर नुकसान कमी होतं.

इथे एक मराठी भानगड सांगायला हवी. गिऱ्हाईक दार उघडल्यावर पहिली गोष्ट करतं ती म्हणजे नाकाने दीर्घ श्वास घेणं. कोंदट वास म्हणजे ओल, सिगारेटचा वास म्हणजे भाव पाडा, कुत्र्याचा वास म्हणजे निम्मे लोक तिथूनच परत. आणि आपली फोडणी? मोहरी, हिंग आणि तळलेल्या बोंबलांचा वास बाकांच्या गाद्यांत, पडद्यांत आणि छताच्या अस्तरात मुरतो. ओळखीतल्या एका वहिनींनी यावर सोपा नियम केला होता: फोडणी बाहेरच्या तंबूत, सुट्या शेगडीवर; आत फक्त चहा आणि वरण-भाताचा कुकर. त्यांची कॅरॅव्हॅन झटकन विकली गेली. एक मात्र करू नये. सुगंधी फवारे मारून ठेवू नयेत. सराईत माणसाला अत्तराचा वास आला की तो लगेच मीटर काढतो.

बाकीच्या गोष्टी भरभर. टायरची नक्षी बघण्यात अर्थ नाही, कॅरॅव्हॅनचे टायर झिजून मरत नाहीत, वयाने मरतात. बाजूला चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. पाच वर्षांनी बदला म्हणतात, सातच्या पुढे नकोच. नव्या गाडीच्या किमतीत २० टक्के व्हॅट असतो, आणि तुम्ही खाजगी विक्रेते असल्यामुळे तो परत मिळत नाही. किमतीतली सुरुवातीची मोठी घसरण बरीचशी त्यामुळेच. आतली मांडणी फार महत्त्वाची. निवृत्त जोडप्यांना हवी असलेली दोघांची, मागच्या टोकाला न्हाणीघर असलेली गाडी भाव धरून ठेवते. लहान मुलांच्या बंक-खाटांना गिऱ्हाईक असतं, पण मुलं मोठी झाली की तीच माणसं विकायला उभी राहतात. वजनाचंही तसंच. १९९७ पासून परवाना काढलेल्यांना जड कॅरॅव्हॅन ओढायला वेगळी परीक्षा द्यावी लागे. १६ डिसेंबर २०२१ पासून ती अट गेली आणि मोठ्या, दोन आसांच्या गाड्यांना तरुण गिऱ्हाईक मोकळं झालं. आता विजेच्या मोटारी आल्यात आणि त्यांतल्या कित्येकींची ओढण्याची मर्यादा तुटपुंजी आहे, तेव्हा हलक्या गाड्यांना दिवस चांगले येतील असं माझं भाकीत आहे. कंपनीच बंद पडली तर सुट्या भागांची पंचाईत होते. २०१९ मध्ये प्रेस्टनची ल्यूनार बुडाली तेव्हा तिच्या कॅरॅव्हॅनींच्या मालकांना पहिली चिंता पुढच्या प्लास्टिकच्या पॅनेलची लागली.

एका जागी कायम उभ्या राहणाऱ्या कॅरॅव्हॅनींचं अर्थशास्त्र निराळंच आहे. तिथे किंमत गाडीची नसून जागेची. पार्कच्या मालकाशी केलेल्या करारात वर्षं किती उरली यावर सगळं. विकायचं तर त्याची संमती आणि बहुधा त्याचं कमिशन. जागेवरून हलवली की ती नुसती पेटी उरते. या स्थिर कॅरॅव्हॅनींवर २०१२ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी २० टक्के व्हॅट लावायचं ठरवलं, तेव्हा सगळ्या हल भागात हलकल्लोळ झाला, कारण तिथली हजारो पोटं याच धंद्यावर. सरकारने माघार घेतली आणि एप्रिल २०१३ पासून ५ टक्क्यांवर भागवलं. एका शहराने कर पंधरा टक्क्यांनी खाली ओढला, याचं मला अजून अप्रूप वाटतं. आपल्या महाराष्ट्रानेही २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. पण आपल्याकडची कॅरॅव्हॅन बहुधा बस किंवा टेम्पोच्या चासीवर बांधलेली, रीतसर आरसी असलेली. तिचा जुन्या बाजारातला भाव इंजिन ठरवणार. आपल्या पावसात ती भिंतीतली ओल कशी सोसेल, हे मात्र मी डोळे लावून बघणार आहे.

शेवटी कधी आणि कोणाला विकावी. फेब्रुवारी ते मे हा हंगाम. बर्मिंगहॅमच्या फेब्रुवारीतल्या मोठ्या प्रदर्शनानंतर लोकांच्या अंगात भटकंती संचारते. ऑक्टोबरात विकायला काढलेली गाडी म्हणजे हिवाळाभराचं पार्किंगचं भाडं वाचवू बघणारा मालक, हे समोरच्याला कळतं. २०२०-२१ मध्ये परदेशवाऱ्या बंद होत्या तेव्हा जुन्या गाड्या कधीही, कशाही खपल्या. त्या भावांची आठवण काढून आज अडून बसलेले लोक मी बघतो. डीलरकडे देऊन नवी घेतली तर तो जुनीचा आकडा फुगवून सांगतो आणि नवीवरची सूट गिळतो, म्हणून विचारायचं फक्त एकच: वरून किती द्यायचे? खाजगी विक्रीत पैसे जास्त मिळतात, भामटेही जास्त भेटतात. गाडी न बघताच पूर्ण किंमत कबूल करणारा, जास्तीचा चेक पाठवून उरलेले परत मागणारा, भावाला घेऊन जायला पाठवतो म्हणणारा, हे सगळे एकाच शाळेतले. बँकेच्या ॲपमध्ये स्वतःच्या डोळ्यांनी रक्कम जमा दिसेपर्यंत हिचलॉकची, म्हणजे जोडणीवरच्या कुलपाची, किल्ली खिशात ठेवावी. किल्ली दिली की त्याच संध्याकाळी क्रिसला नाव बदलल्याचं कळवावं, विमा बंद करावा, आणि मागची आपल्या मोटारीच्या नंबराची पाटी आठवणीने काढून घ्यावी, नाहीतर घेणाऱ्याच्या वेगाचा दंड तुमच्या दारात येतो.